शेपटीचा पंचनामा

आयुष्यात मी असंख्य तक्रारी केल्या आणि त्यांपैकी एकच मागे घेतली. ती एका कुत्र्याच्या शेपटीसंबंधी होती. बाकीच्या तक्रारींवर मी आजही ठाम आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सिल्वाशात प्रशासनाच्या एका कचेरीत अधीक्षक होतो आणि सामरवरणीच्या बाजूला एका बैठ्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो. घरमालकाने एका घराची मधोमध भिंत घालून दोन घरे केली होती. त्या कारागिरीतून आमच्या वाट्याला पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक बोळ आला. रुंदी तीन फूट दोन इंच. ती मी स्वतः मोजली आहे आणि घरमालकाला दोनदा लेखी कळवली आहे. भिंतीपलीकडच्या अर्ध्यात धुळ्याकडचा एक कामगार राहत असे. तो राखोलीच्या सूत कारखान्यात रात्रपाळी करी आणि दिवसा झोपे.

कुत्रा आमचा नव्हता. मसाटच्या एका कारखान्याचे व्यवस्थापक, माझे केवळ तोंडओळखीचे गृहस्थ, त्याला “आठ दिवसांसाठी” आमच्या ओट्यावर बांधून बदलीच्या गावी निघून गेले. मी त्यांना पोचपावतीसह तीन पत्रे पाठवली. पोचपावत्या परत आल्या, गृहस्थ आले नाहीत. ग्रेट डेन जातीचा तो प्राणी वासराएवढा होता, आणि त्याची शेपटी अडीच फूट लांब, चाबकासारखी निमुळती, टोकाला जवळजवळ बिनकेसांची. त्याचे नाव मी येथे देत नाही. तो हयात नसल्यामुळे त्याची संमती घेता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात बोळाच्या भिंतींवर रक्त दिसू लागले.

मी साडेपाचला कचेरीतून येई. पत्नी शाळेत शिकवीत असे, ती साडेसहाला येई. बोळात काळोख असे आणि दिव्याचे बटण स्वयंपाकघराच्या टोकाला, हीसुद्धा घरमालकाचीच प्रतिभा. मी आत शिरावे, दिवसभर आत बंद असलेल्या कुत्र्याने अंगावर यावे, त्याला ढकलीत मी बटणापर्यंत पोचावे, आणि दिवा लागताच दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला लाल शिंतोडे! रोज, आणि ताजे. कुत्र्याच्या शेपटीचे टोक फुटलेले असे.

मी पंचनामा केला. शिंतोड्यांची उंची, त्यांची संख्या, कुलपाची स्थिती, खिडकीच्या गजांमधले अंतर यांची रीतसर नोंद केली. संशय एकाच व्यक्तीवर जात होता. शेजारी दिवसभर घरी असे, कुत्र्याच्या भुंकण्याने त्याची झोपमोड होई, आणि एकदा तो माझ्या तोंडावर म्हणाला होता, “साहेब, तुमच्या कुत्र्याले मी येक दिवस सरळ करी टाकीन.” खिडकीतून काठी घालून तो मुक्या जनावराला मारतो, असा निष्कर्ष मी काढला. प्रश्न फक्त कलमाचा राहिला. दंड संहितेतले चारशे अठ्ठावीस दहा रुपये किमतीच्या जनावराला लागू होते, चारशे एकोणतीस पन्नास रुपयांच्या. फुकट गळ्यात पडलेल्या कुत्र्याची किंमत काय धरावी? मी दोन्ही कलमे लावली, तक्रार पोलीस ठाण्यात दिली आणि नैसर्गिक न्यायास अनुसरून एक प्रत शेजाऱ्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवली.

त्याच दिवशी कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टर वृद्ध गुजराती गृहस्थ होते. जखम त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि त्यांना हसू आले.

“साहेब, कोणी मारला नाय याला. आ तो खुशीनो रोग छे. मोठा कुत्रा, अरुंद घर. कोणी आवडतो माणूस आला की शेपटी हलवते, भिंतीवर आपटते, फाटते. सुकायच्या आत परत आपटते.”

“आमच्या घरी असा आवडता माणूस येत नाही,” मी म्हणालो.

“विचार करा, साहेब. पण लवकर करा. तीन आठवड्यांत टोक सुकलं नाय तर सडेल. मग मला शेपटी कापावी लागेल. अर्धी.”

त्यांनी पट्टी बांधून दिली. हे निदान मला बालिश वाटले आणि ते मी लेखी मागितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू तपासणीची खरी गरज मलाच आहे. मात्र घरी येताना मी कुत्र्याच्या त्या लांब, हास्यास्पद अवयवाकडे वारंवार पाहत होतो. व्यवस्थापकाने टाकला, घरमालकाने कोंडला, आणि आता उरलेसुरले डॉक्टर कापणार. एका प्राण्यावर इतका अन्याय माझ्या कार्यक्षेत्रात होत होता आणि माझ्या हाती होते ते फक्त पेन.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला शेजारी माझ्या ओट्यावर उभा होता. धुतलेला पांढरा सदरा घातलेला, हातात माझ्या तक्रारीची प्रत.

“साहेब, हे काय लिव्हलं? मी मुक्या जनावराले मारतो? माझ्या गावाले दोन बैल आहेत, इचारा त्यायले.”

“बैलांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही,” मी म्हणालो.

“मग तुमच्या भिताडाची धरा. ते रोज साडेपाचलेच वाजतं. कुलूप उघडा. तुम्ही इथंच थांबा. आधी मी जातो, दिवा लावतो, मग या.”

ही मागणी कायदेशीरदृष्ट्या रास्त होती. नाकारता येईना. तो आत गेला. कुत्रा त्याच्याकडे पाहून एकदा गुरगुरला आणि स्वस्थ बसला. दिवा लागला. सकाळी पत्नीने चुन्याचा हात फिरवलेल्या दोन्ही भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. शेपटीची पट्टी जागेवर होती.

“या आता.”

मी उंबरठ्यावर पाय ठेवला.

पुढे जे झाले ते मी प्रथमच उजेडात पाहिले. तो अवाढव्य प्राणी उठला, त्याचे कान मागे गेले, कंबर डावीकडून उजवीकडे वळू लागली, आणि शेपटी या भिंतीवर फाड, त्या भिंतीवर फाड, अशी आपटू लागली. तिसऱ्या फटक्याला पट्टी उडाली. पाचव्याला रक्त. शेजाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत शिंतोड्यांची ओळ उठली.

“लिव्हा आता पंचनामा,” तो म्हणाला.

मी मूळ पंचनामा काढून पाहिला. त्यात घरातील प्रत्येक वस्तूची नोंद होती, अगदी कोपऱ्यातल्या केरसुणीचीही. एकच बाब नोंदवायची राहिली होती, ती म्हणजे साडेपाच वाजता घटनास्थळी येणारा मी. तीस वर्षांच्या नोकरीत, मी आलो म्हणून कोणाला आनंद झाल्याची एकही घटना अभिलेखात नव्हती. ती शक्यता मी विचारात कशी घेणार?

पत्नी आली. तिने भिंती पाहिल्या, सदरा पाहिला, माझा चेहरा पाहिला आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अहो, तुमच्यामुळे? तुमच्या येण्यानं? त्या बिचाऱ्याला तुमची पत्रं वाचता येत नाहीत म्हणून.”

त्या संध्याकाळी मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला. पोलीस ठाण्यात मिळालेल्या उत्तरानुसार अशा कोणत्याही तक्रारीची तेथे नोंदच नव्हती. जी नोंदली नाही ती मागे कशी घेणार, असे हवालदार विचारू लागला. मी पाऊण तास भांडून आधी ती नोंदवून घेतली, मग रीतसर मागे घेतली. शेजाऱ्याची माफीही मी लेखी मागितली. त्याने कागद खिशात घातला आणि म्हणाला, “हे ठीक आहे. पन शेपटीचं काय?”

शेपटीसाठी त्यानेच कारखान्यातून सूत गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी आणली. ती पट्टीवर चढवून चिकटपट्टीने बसवली. जखमेला आडोसा झाला, परंतु शेपटीचे मुसळ झाले. पहिल्याच संध्याकाळी तिने माझा गुडघा आणि पिण्याच्या पाण्याचा माठ निकामी केला. नळी पुरेशी नव्हती. मूळ कारणच बंद करावे लागणार होते, आणि ते कारण पायात चपला घालून रोज कचेरीत जात होते.

मग मी वीस दिवस स्वतःच्या घरात चोरासारखा शिरलो. मागच्या बाजूने, मोरीच्या दारातून. कुत्र्याकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही, तो जवळ आला तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. पहिले काही दिवस तो बोळाच्या टोकाशी उभा राहून कुईकुई करी आणि नळी भिंतीवर टकटक वाजे. ज्यांना ज्यांना मी कचेरीच्या दारात तिष्ठत ठेवले होते, त्यांच्यापैकी कोणीही इतक्या सभ्यपणे वाट पाहिली नव्हती. अकराव्या दिवशी मी आत आलो तेव्हा त्याने फक्त मान वर केली आणि पुन्हा पंजांवर ठेवली. शेपटी हलली नाही. वैद्यकीयदृष्ट्या तो दिवस उत्तम होता. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढली. टोकावर नवी कातडी धरली होती. “कापायची गरज नाय,” ते म्हणाले. “पण भिंत तिथंच आहे, आणि तुम्हीपण.”

घरी आल्यावर यावर तोडगा शेजाऱ्याने काढला. तो इतका सोपा होता की मला संताप आला. “साहेब, त्याले भाईर भेटा. मैदानात. तिथं भिताडच नाही.”

घरासमोर ट्रक वळवण्याची मोकळी जागा होती. साडेपाचला तिथे निम्मी वस्ती उभी असे.

“चारचौघांत? माझी काही अब्रू आहे,” मी म्हणालो.

“त्याची अर्धी शेपटी जाणार होती,” पत्नी म्हणाली. “तुमची अर्धी अब्रू जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून येऊन मैदानाच्या मध्यभागी पिशवी धरून उभा राहिलो. पत्नी त्या दिवशी शाळेतून लवकर आली होती, तिने दार उघडले. कुत्रा ओट्यावर आला. मला पाहिले. आणि जिथल्या तिथे बसला. वीस दिवस मी त्याला जे शिकवले होते, ते तो नीट शिकला होता.

“इकडे ये,” मी म्हणालो. तो हलला नाही. “इकडे येण्यात यावे,” असेच काहीसे माझ्या तोंडून पुन्हा निघाले असावे, कारण शेजारी ओरडला, “साहेब, नोटीस नका काढू! हाक मारा हाक!”

मी पिशवी खाली ठेवली आणि त्याला नावाने हाक मारली. मोठ्याने. आवाज फाटला. ट्रकवाले हसले.

तो आला. वासराच्या वजनाने, माझ्या छातीवर, आणि आम्ही दोघे मातीत. मग तो माझ्याभोवती गोल फिरत राहिला. ती शेपटी मोकळ्या हवेत सपासप चालली होती आणि वाटेत लागत होते ते फक्त माझे पाय.

संध्याकाळी पोटऱ्यांवर चार वळ उठले होते. पत्नीने तेल चोळता चोळता विचारले, “कलम कुठलं लावणार?”

मी तिला तेल जपून वापरायला सांगितले. उद्याही लागणार होते.