चांगला झार

मी मराठी वाचायला शिकलो ते फुफीच्या पुस्तिकांवर. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात मोर्च्यांची पत्रकं वाटली. दर सुट्टीत आम्ही परत निघालो की ती कोकमं आणि सुकटीच्या मधे काही पातळ पुस्तिका सरकवून द्यायची. सौदीत, हुफूफच्या आमच्या शाळेत अरबी सक्तीची होती, मराठी नव्हतीच. त्यामुळे माझी मराठी मोर्च्याची झाली. ताटात पुन्हा दुधी दिसला की मी ‘जाहीर निषेध’ म्हणायचो.

“निषेध खा आणि ऊठ,” अम्मी म्हणायची.

त्या पुस्तिकांत रशियाचे झार होते. दलदलीत राजधानी उभारताना हजारो माणसं चिखलात घालवणारा झार होता. नवऱ्याला बाजूला सारून गादीवर बसलेली राणी होती. ती विद्वानांना मोठी सुंदर पत्रं लिहायची आणि मर्जीतल्या सरदारांना गावंच्या गावं शेतकऱ्यांसकट बक्षीस द्यायची. शेतगुलामांना मोकळं करणारा झारही होता, पण मोकळा झालेला माणूस पंचायतीच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हता. मला मात्र या सगळ्यांपेक्षा त्यांची रयत छळायची. झार चांगला आहे, वाईट आहेत ते त्याचे अधिकारी, त्याच्या कानावर गेलं की तो न्याय करील, असं ती माणसं शतकानुशतकं धरून बसली होती. शेवटच्या झाराच्या काळात कामगार बायकामुलांसह, त्याच्याच तसबिरी उंच धरून, बर्फातून अर्ज द्यायला गेले. सैनिकांनी गोळ्या घातल्या. झार त्या दिवशी राजवाड्यात नव्हताच.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा फुफीला पोटाचा कॅन्सर निघाला. गावाहून फोन आला की फार दिवस नाहीत. अब्बा खजुराच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर होते आणि ऑगस्टमध्ये हंगाम ऐन भरात असतो. पासपोर्ट कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. तो म्हणाला, “बहीण ना? आईबाप असते तर बघितलं असतं. हंगाम संपला की जा.”

कुणीतरी अब्बांना सुचवलं की अमीरांची मजलिस, म्हणजे दरबार, सगळ्यांना खुली असते, तिथं अर्ज द्या. अमीर राजाच्या वतीनं इथला कारभार पाहायचे. कचेरीबाहेरच्या लेखनिकानं अर्ज टाइप करून दिला. मी तो वाचला. ‘आपल्या दयेच्या सावलीत’, ‘आपला नम्र सेवक’.

“अब्बा, घरी जाणं हा हक्क आहे. त्याची भीक का मागायची? फुफीनं असला कागद फाडला असता.”

“खाली सही माझी आहे,” अब्बा म्हणाले. “तुझी नाही.”

“रशियातही लोक असेच गेले होते. झार घरातच नव्हता.”

“हे असतात. सोमवारी असतात.”

अम्मी भांडी घासता घासता वळली. “तुझा झार मेला. माझी नणंद अजून जिवंत आहे.”

सोमवारी मी अब्बांबरोबर गेलो. लांबलचक दालन, भिंतीला लागून बैठका, फिरत्या किटलीतून कहवा. आमच्या मागं आंध्राचा एक माणूस होता, वाळवंटात शेळ्या राखणारा. मुलगी जन्मली तेव्हापासून तो घरी गेला नव्हता, आणि मुलगी आता शाळेत जात होती. हातातला अर्ज त्यानं इतका घट्ट धरला होता की कागद घामानं मऊ पडला होता.

अब्बांची पाळी आली. अमीरांनी कागद पूर्ण वाचला. मी त्यांच्या चेहऱ्यावर माज शोधत होतो. तो नव्हता.

“ही तुझी कोण?”

“बहीण. तिनं मला वाढवलं.”

“मग ती आईच,” असं म्हणून त्यांनी कडेला एक ओळ लिहिली आणि कागद कारकुनाकडे दिला. “आजच फोन कर.”

इतकंच. अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, आणि मला त्या पाण्याचा राग आला. तेवढ्यात दुपारची अजान झाली. अमीर उठले, मजलिस संपली. शेळ्या राखणारा तिथंच उभा राहिला.

“आपका हो गया?” त्यानं अब्बांना विचारलं. अब्बा मानेनंच हो म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडले.

ती एक ओळ हंगामापेक्षा मोठी ठरली. कफीलानं निमूट पासपोर्ट दिला. अब्बा पोचले तेव्हा फुफी बोलत होती. ती त्यांना चार शब्द सुनावेल अशी माझी खात्री होती. फोनवर मी तेच आधी विचारलं.

“सगळं सांगितलं मी तिला, अर्जासकट,” अब्बा म्हणाले. “माझा हात धरून म्हणाली, बरं झालं आलास.”

“बस? काहीच नाही बोलली?”

“तू तिची पुस्तकं ओळखतोस, बेटा. तिला नाही ओळखत.” मग म्हणाले, “‘रांगेत तुझ्या मागं कोण होतं?’ एवढं मात्र विचारलं तिनं मला. सांगता आलं नाही.”

त्याच आठवड्यात ती गेली. अब्बांनी माती दिली.

आजही मी राजांविरुद्ध लिहितो, आणि वाईट राजापेक्षा चांगल्याविरुद्ध जास्त जोरानं. वाईट राजा निदान आशेला लावत नाही. चांगल्याची दया अजान होईपर्यंत पुरते. रांगेत मागं असलेल्या माणसाला ती कुठं मागायची, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नसतं. पण अब्बा वेळेत पोचले, हेही मला पुसता येत नाही. ते कुठल्याच पत्रकात बसत नाही.

फुफी गेली त्याच्या पुढच्या सोमवारी शाळा बुडवून मी मजलिशीत गेलो. शेळ्या राखणारा आला होता, कागद तोच. त्याची अरबी शेळ्या हाकण्यापुरती होती. पाळी आली तेव्हा मी त्याच्याबरोबर पुढं गेलो आणि त्याचं म्हणणं सांगू लागलो.