खांबातून आलेला सूर

माझे कान जात आहेत हे मला पहिल्यांदा कळलं ते गिटारच्या सगळ्यात बारीक तारेमुळे. तार छेडली की बोटाला जाणवायची, कानाला नाही. साठच्या दशकात मी तळेगावात राहून मुंबईला चित्रपटगीतांच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायला जात असे. तबकडीवर आम्हा वादकांची नावं कधी येत नसत आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. पण तेव्हा सगळा ताफा एकाच खोलीत एकदम वाजवायचा. एकाचा सूर घसरला की गायकापासून सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. असं वरचेवर ज्याच्यामुळे होई, त्याला पुढे बोलावणं येत नसे.

पुण्याच्या डॉक्टरांनी ऐकू येणं हळूहळू कमीच होत जाईल असं सांगितलं. मी ते सौ.शिवाय कुणाला कळू दिलं नाही. ढोलक, व्हायोलिनचा घोळका ऐकू यायचा, पण दोन सुरांमधला बारीकसा फरक निसटून जाई. माझी गिटार सुरात आहे की नाही, हे मी शेजारच्या वादकाच्या चेहऱ्यावरून ताडत असे. अशातच निरोप आला की, पुढच्या आठवड्यात एका गाण्याची सुरुवात नुसत्या गिटारवर आहे आणि ती मीच वाजवायची. एरवी मी पेढे वाटले असते. आता तो निरोप फक्त सौ.ला सांगितला.

सौ. शाळेत शिक्षिका, माझ्यापेक्षा कितीतरी व्यवहारी. पण देवाची गोष्ट निघाली की तिचं आजोळ बोलू लागतं. कुसगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी तिच्या मामांचं गाव. तिथला भैरवनाथ कौल देतो, अशी त्या घरची श्रद्धा. मूर्तीला फूल लावायचं आणि मनात प्रश्न विचारायचा. फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. "अहो, एकदा विचारून तर या. गिटारही न्या, त्याच्या पायाशी ठेवा," ती म्हणाली. माझा काही विश्वास नव्हता. तरी गेलो, कारण दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती.

रविवार होता, देवाचा वार. सभामंडपात गावकऱ्यांचं भजन चाललं होतं. गुरवाने ओलं फूल मूर्तीला लावलं. मी मनात विचारलं, गाणं वाजवू की नकार कळवू? फूल हलेना. "बसा पाव्हणं, देवाला घाई न्हाई," गुरव म्हणाला. देवाला नसेल, मला होती. देवालाही माझं ऐकू येईनासं झालंय की काय, असा वेडा विचार मनात येऊन गेला.

मंडपाच्या एका लाकडी खांबाला कपाळ लावून एक म्हातारी बसली होती. पखवाजवाला त्याच खांबाला पाठ लावून बसलेला. मला वाटलं, ही माझ्यासारखीच गांजलेली असेल. पण तिचं बोट मांडीवर ताल धरत होतं आणि ते कुठेच चुकत नव्हतं. मी शेजारच्या बाईला तिच्याबद्दल विचारलं. "आत्या व्हय? लय वर्सं झाली, त्यास्नी कायबी ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. मी बघतच राहिलो. म्हातारीला ते जाणवलं असावं. डोळे उघडून ती मोठ्याने म्हणाली, "हितं डोकं लाव, बाबा. खांबातनं येतंय."

मी कपाळ लावलं. आधी पखवाजाचा दणका आला आणि मागून टाळांची किणकिण, जी मी कित्येक महिने ऐकली नव्हती. गिटार उचलली, तिच्या वरच्या कडेवर जबडा दाबून धरला आणि ती बारीक तार छेडली. सूर थेट डोक्यात उमटला, स्वच्छ. तार जराशी उतरली होती, तेही कळलं. भर मंडपात मला रडू कोसळलं. फूल कुठल्या बाजूला पडलं, ते मी पाहिलंच नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी जबडा गिटारवर टेकवला, डोळे वाद्यसंयोजकाच्या हातावर ठेवले आणि मनात भैरवनाथाला म्हटलं, आता तूच बघ. वाजवून झालं. पुन्हा वाजवा, असं कुणी म्हणालं नाही. पुढे डॉक्टरांनी यामागचं शास्त्र समजावून सांगितलं, कवटीच्या हाडातून आवाज कसा पोचतो ते. ते खरंच असणार. पण त्या रविवारी मला त्या खांबाशी नेऊन कुणी बसवलं, हे मला अजून कुणाला विचारावंसं वाटत नाही. माझे कान काही परत आले नाहीत. देवाने द्यायचं ते कुठल्या वाटेने द्यावं, हेही मीच ठरवत बसलो होतो. तेवढं मी सोडून दिलं.

नंतर एकदा गिटार घेऊन त्या म्हातारीकडे गेलो. असलं वाद्य तिने कधी पाहिलं नव्हतं. मी गिटारचं लाकूड तिच्या कपाळाला लावलं आणि त्या गाण्याची सुरुवात वाजवली. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "आज देव लय हळू बोलतोय, बाबा. थांबू नगंस." आभार मानायला गेलो होतो, पण ते शब्द तिला ऐकू गेले नसते. मी वाजवत राहिलो.