हार नकोत म्हणणारे आमचे अप्पा

मंडळी, आधी सगळ्यांची खुशाली विचारतो. बबनराव, गुडघ्याचा पट्टा बांधताय ना, की तो खुंटीलाच लटकलाय? सुजाताताई, मारुंजीला लेकीकडे गेल्यापासून तिकडच्या बांधकामांच्या धुळीने तुमचा खोकला वाढला असं ऐकलं. वाफ घेत चला. दिलीप, राजगुरुनगरला बदली झाली म्हणून बाहेरचं तिखट खात सुटू नकोस, तुझं पित्त आम्ही पाहिलंय. बबनरावांच्या आईंना, म्हणजे काकूंना, ऐकू कमी येतं. हे त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा. सुदाम, रक्तातली साखर तपासलीस का? आणि नलिनीवहिनी, अप्पांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब वेळच्या वेळी पडतात ना? ते स्वतःहून घालायचे नाहीत, तुम्हालाच मागे लागावं लागणार.

गौरवलेखाची सुरुवात अशी करत नाहीत, एवढं मला समजतं. पण अप्पांनी बजावून ठेवलं की पंच्याहत्तरीचा समारंभ नको, शाल नको, व्यासपीठ नको. तेव्हा आपण हा छोटा अंक छापून घरोघर पोस्टाने पाठवायचं ठरवलं. पोस्टाने जाणार म्हटल्यावर माझा हात आपसूक पत्राकडे वळला. अंक अप्पांचे कंपनीतले सोबती आणि सोयरेधायरेही वाचतील, त्यांच्यासाठी ओळख सांगतो. मी पांडुरंग. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होतो. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही डोक्यात शिरलं ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून आणि अप्पांच्या संगतीतून.

रघुनाथराव, म्हणजे आपले अप्पा, चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. चिंचवडहून निघालेली आमची बस मोशीच्या पुढे हटकून अडकायची. बसमध्ये टीव्ही होता आणि मी त्यावर रडका सिनेमा लावायचो. मला तसलेच आवडायचे. एकदा पडद्यावर नायकाची आई वारली आणि व्हायोलिनं सुरू झाली. माझे डोळे रस्त्यावर होते, पण कान मागे. नॅपकिनने डोळे पुसत होतो, तेवढ्यात पाठीमागच्या सीटवरून आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, बाई तर खोलीत एकटीच वारली. मग हे वाजवणारे बसलेत कुठे?"

अख्खी बस हसली. मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला आई नव्हती का?"

"होती ना," ते शांतपणे म्हणाले. "ती गेली तेव्हा शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मला तेवढीच आठवते."

मी टीव्ही बंद केला. चाकणपर्यंत मला ती शिट्टीच ऐकू येत होती. इतकी वर्षं सिनेमे पाहून जसं रडू आलं नव्हतं, तसं त्या एका वाक्याने आलं. तिथून आमची मैत्री झाली.

कामावर अप्पा कसे होते ते त्यांचे सहकारी याच अंकात लिहितील. माझ्या कानावर एवढंच आलं की एका पोराच्या हातून बिघडलेला माल त्यांनी बाद केला, आणि साहेबाने त्या पोराला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तेही शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "माल वाईट आहे, हे मी लिहून दिलंय. पोरगा वाईट आहे, असं कुठे लिहिलंय?" निवृत्तीनंतर मी त्यांना याची आठवण करून दिली तर म्हणाले, "त्यात काय विशेष? तपासणीत दोन्ही वेगळं मोजायचं असतं."

माझ्या मंडळींचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नातेवाईक येऊन धीर देऊन गेले. अप्पांनी धीर दिला नाही. ते दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते आणि मधूनच विचारत होते, "पांडूभाऊ, तीन अक्षरी नदी सांगा." मी चिडून सांगायचो. डॉक्टर बाहेर आले तेव्हा आमचं कोडं जवळजवळ भरलं होतं आणि मला भीती वाटायची राहूनच गेली होती.

दोघेही निवृत्त झाल्यावर आम्ही शनिवारचा कट्टा सुरू केला. तळवड्याच्या बबनरावांनी आपल्या शेतावर गाळे बांधून भाड्याने दिले आहेत. त्यातल्या एकावर रिकामी खोली होती. तिथे पडदा लावला. खाली प्रेस मशीन धाडधाड चालायचं, वर आम्ही सिनेमा पाहायचो आणि मग भेळ मागवून भांडायचो. भेळेवरूनच दोन पक्ष पडले. सुजाताताई, मी आणि बबनराव ओलीवाले, म्हणजे रडणारे. अप्पा सुकीवाल्यांचे पुढारी. दिलीप ज्या बाजूला कांदा जास्त त्या बाजूला.

एका शनिवारी तुरुंगाचा सिनेमा होता. निरपराध नायक पुष्कळ वर्षांनी सुटतो, फाटकाबाहेर म्हातारी आई, दोघे एकमेकांकडे धावतात. दिवा लागला तेव्हा सुजाताताईंचा पदर भिजला होता.

"अप्पा, तुम्ही परत कोरडेच?" दिलीपने डिवचलं. "काळीज कंपनीत जमा करून आलात का राव?"

"रडायला माझी ना नाही," अप्पा म्हणाले. "पण असल्या प्रत्येक सिनेमात कैदी निरपराधच का लागतो? खरंच गुन्हा केलेला माणूस दाखवा आणि मग रडवा की."

"मग कोण रडेल?" सुजाताताई म्हणाल्या. "शाळेत मी एवढी वर्षं काढली. न केलेल्या चुकीची शिक्षा पोराला झाली की अख्खा वर्ग कळवळतो. केलेल्या चुकीची झाली की पुस्तकात डोकं घालतो."

"तेच म्हणतोय. गुन्हा केलेल्याची आई फाटकापाशी उभी राहत नाही का?"

खाली मशीन नेमकं थांबलं होतं. बबनराव खिडकीपाशी उभे होते. तिकडेच तोंड ठेवून म्हणाले, "राहती ना. आमची राहती. भेटीच्या दिवशी सकाळधरनं जाऊन बसती."

त्यांचा धाकटा भाऊ सुदाम. जमिनीच्या वाटणीच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या डोक्यात पहार घातली होती आणि चुलतभाऊ वाचला नाही. गावाला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं, पण कोणी तोंडातून काढत नव्हतं. बबनरावांनीही त्या दिवसापर्यंत सुदामचं नाव घेतलं नव्हतं. हे मी त्यांची आणि सुदामची परवानगी घेऊन लिहितो आहे.

"पुढल्या महिन्यात सुटतोय," बबनराव म्हणाले. "शिक्षा पुरी झाली. पण घरी यायचं न्हाई म्हणतो. कुठं तरी परगावी जातो म्हणतो. आई म्हणती, आता न्हाई आला तर माझं तोंड बघायला तरी कशाला येईल?"

मग आम्ही सिनेमावेड्यांनी जे केलं ते आमच्यासारख्यांनाच सुचावं. तिथल्या तिथे आम्ही सुदामच्या सुटकेचा सिनेमा रचायला घेतला. दिलीप म्हणाला, मोठी गाडी करू, झेंडूचे हार घेऊ, वेशीत फटाके लावू, एवढी माया बघून माणूस जाईल कुठे? सुजाताताईंनी काकूंना फाटकासमोर नेमकं कुठे उभं करायचं तेही ठरवलं. गाडी मी चालवणार होतो. बबनरावांचा चेहरा उजळला होता. आपल्या भावाला कोणीतरी उघडपणे आपला म्हणतंय, हेच त्यांना फार होतं.

अप्पांनी चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, "बबनराव, तुमच्या चुलतभावाचं घर कुठे आहे?"

"आमच्याच गल्लीत. आमच्या अलीकडं."

"तिथे कोण असतं?"

"मंदावहिनी. त्याची बायकू."

"म्हणजे हार घातलेला सुदाम त्यांच्या दारावरून जाणार. फटाक्यांनी त्यांना कळणार की तो आला." अप्पांनी कप खाली ठेवला. "सिनेमात मेलेल्याचं घर दाखवत नाहीत. कॅमेरा तिकडे जातच नाही, म्हणून आपल्याला मोकळेपणाने रडता येतं. आपण तरी जाऊ या."

सुजाताताई रागावल्या. "म्हणजे त्या म्हातारीने पोराला जवळही घ्यायचं नाही?"

"घ्यावं की. घरात घ्यावं. लोकांना दाखवायला नको."

बबनराव एवढ्या वर्षांत त्या दाराची पायरी चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी अप्पा त्यांना घेऊन गेले. मी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून होतो, म्हणून पुढचं मला बबनरावांनी सांगितलेलं आहे. मंदावहिनींनी बसा म्हटलं नाही. दोघेही उभेच राहिले. अप्पा म्हणाले, "मी परका माणूस आहे, ताई. माफी मागायचा हक्क मला नाही. सुदाम सुटतोय, हे तुम्हाला बाहेरून कळू नये, एवढ्यासाठी आलो."

मंदावहिनी मग म्हणाल्या, "येऊ दे की. त्याच्या आईचा काय दोष? पण माझ्या दारावरनं जायाचं न्हाई म्हणावं. वरल्या रस्त्यानं जायाचं."

बबनराव बाहेर आले ते घामाने निथळत होते. म्हणाले, "अप्पा, ती हाकलून देईल वाटलं हुतं." अप्पा म्हणाले, "दिलं असतं तरी जायला हवंच होतं."

पुढच्या भेटीत बबनरावांनी तो निरोप जसाच्या तसा सुदामला सांगितला. सुदामने जाळीपलीकडून एकच विचारलं, "सोता म्हणली का, येऊ दे म्हणून?" आणि मग घरी यायला कबूल झाला. आम्ही हारांनी जे करायला निघालो होतो, ते वरच्या रस्त्याच्या त्या अटीने केलं.

सुटकेच्या सकाळी बबनराव, अप्पा आणि मी, तिघेच गेलो. सुदाम हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आला. दोघे भाऊ समोरासमोर उभे राहिले. अप्पा म्हणाले, "चहा घेणार का?"

सुदाम म्हणाला, "बिनसाखरेचा. आतमंदी शुगर निघाली."

"मग तुमची आमची एकच किटली," अप्पा म्हणाले. एवढंच झालं. ना कोणी धावलं, ना कोणी कोसळलं. गाडी वरच्या रस्त्याने घरी नेली.

अप्पा आदल्या दिवशी काकूंना भेटून आले होते. काकू म्हणाल्या होत्या, "मला रडू आलं तर काय करू?" अप्पांनी विचारलं, "काकू, तो पूर्वी शिफ्ट करून यायचा तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?" काकू म्हणाल्या, "हातपाय धू म्हणायची. आणि काय म्हणणार?" "मग तेच म्हणा."

सुदाम उंबऱ्यात थबकला. आत पाऊल टाकावं की मागे फिरावं, असं त्याचं झालं होतं. काकूंनी चुलीपुढून मानही वर केली नाही. "हातपाय धू. भाकरी गार हुतीय," एवढंच म्हणाल्या. सुदामने चपला काढल्या आणि सवयीने मोरीकडे वळला. मोरी कुठे आहे ते त्याला विचारावं लागलं नाही. मग बराच वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

मी बाहेर येऊन गाडीच्या टपावर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं. अप्पा मागून आले आणि रुमाल पुढे करत म्हणाले, "पुसा. परत गाडी चालवायचीय."

मी ओलीवालाच राहिलो, ते आता सुधारायचं नाही. अजूनही मला वाटतं की त्या उंबऱ्यात काकूंनी पोराला मिठी मारायला हवी होती, आणि सुजाताताईंचंही तेच मत आहे. पण अप्पांचा कोरडेपणा म्हणजे काय ते मला त्या घरी कळलं. आपल्या रडण्याने दुसऱ्याची अडचण होऊ नये, ही त्यांची काळजी असते. माणसाला ते इतकं जपतात की जपणाऱ्याचं नावसुद्धा मध्ये येऊ देत नाहीत.

सुदाम कित्येक महिने घराबाहेर पडला नाही. मग गाळ्यात मशीनवर बसू लागला. मग एका शनिवारी वर आला आणि दाराशी बसला. त्याला कोणी पुढे ये म्हटलं नाही; अप्पांनी आम्हाला डोळ्यांनीच दटावलं होतं. हळूहळू तो आपला आपण सरकत पुढे आला. मग भेळही त्याच्याच हातची होऊ लागली. मंदावहिनींच्या दारावरून तो आजही जात नाही. ते मिटलेलं नाही, आणि मिटलं असं आम्ही कोणी म्हणतही नाही.

मात्र तेव्हापासून अप्पांनी तुरुंगाचा एकही सिनेमा लावला नाही. दिलीपने विचारलं की, "चांगला मिळाला तर बघू," म्हणून टाळायचे. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून तर कट्टाच बंद आहे.

परवा सुदाम माझ्याकडे आला. हातातल्या चहाकडे बघत म्हणाला, "पांडूभाऊ, अप्पांना लिवताय तर माझं बी एक लिवा. माझ्यापायी जेलचं पिक्चर बंद ठिवू नका म्हणावं. मी बसतो. न्हाईच सोसलं तर उठून खाली मशीनवर जाईन, पर बसतो."

अप्पा, आपल्याला पुष्कळ आयुष्य लाभो, डोळा लवकर निवळो आणि नलिनीवहिनींचा धाक आपल्यावर असाच राहो. आमचं रडणं बाद करायला आपण आम्हाला अजून खूप वर्षं हवे आहात. सुदामचा निरोप पोचवला. सिनेमा आपणच निवडायचा आहे. कोणता लावायचा आणि कोणत्या शनिवारी, ते दोन ओळींत का होईना, लवकर लिहून कळवा. तो रोज विचारतो.

आपला,
पांडुरंग