चन्नप्पांची टिचकी आणि पत्र्याचं मांजर

चौसाळ्याच्या हमरस्त्यावर चन्नप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. दारावर पाटी आहे : ‘एका टिचकीत किंमत’. जुनी भांडी मोडीत घेऊन नवी द्यायची, हा धंदा. आलेल्या तांब्याला चन्नप्पा टिचकी मारतात, डोळे मिटतात आणि सांगतात, “पितळ. थोडी भेसळ हाय. तुमच्या आजीच्या लग्नातलं.” यातलं तिसरं वाक्य टिचकीतून येत नाही, तांब्यावर कोरलेलं नाव वाचून येतं. पण वाचताना चन्नप्पा ओठ हलवत नाहीत, त्यामुळे चाळीस वर्षं दबदबा टिकून आहे.

एका सोमवारी छबुबाई मोड घेऊन आल्या. दोन चेपलेल्या पराती, एक भोकाची कढई, आणि वर पत्र्याचं एक मांजर. गोल टोपी, लाल कोट, पोटावर ढोल. किल्ली दिली की ते ढोल बडवत गरागरा फिरे.

“हे बी घाला वजनात,” छबुबाई म्हणाल्या. “मला मोठं पातेलं पायजे.”

चन्नप्पांनी मांजराच्या पाठीत टिचकी मारली. डोळे मिटले. मग एक डोळा उघडून किल्लीच्या भोकाला लावला, आणि चटकन मागं झाले.

“मावशी, हे मोडीत न्हाई जायचं. जपानी हाय. लई जुनं हाय.”

“आप्पा, पत्रा हाय तो. सासऱ्यानं हैद्राबादेहून आनलंता, आमच्या मालकाच्या लहानपनी.”

“पत्र्यापत्र्यात फरक असतो.”

समोरच्या चहाच्या हॉटेलातून सिद्धाराम ओरडला, “चन्नप्पा, जपानी हाय तर बोल की बे त्याच्यासंग जपानीत!”

“खोटं निघालं तर पाटी उतरवतो,” चन्नप्पा गरजले. “शिडी तूच धर!”

झालं. चाळीस वर्षांची पाटी एका मांजराच्या शेपटीला बांधली गेली.

चन्नप्पांची मुलगी ईश्वरी फोनवर हुशार. तिनं पुण्याच्या ऋतुजा नावाच्या बाई शोधल्या. त्या जुनी खेळणी जमवायच्या, विकायच्या. फोटो पाहून त्यांनी कळवलं : जपानी मुलांच्या एका जुन्या चित्रकथेतलं हे मांजर दिसतंय, पण हल्ली नकला फार निघतात, शनिवारी सोलापूरला जाताना वाट वाकडी करून बघते.

शनिवारपर्यंत मांजर दुकानात राहणार होतं. आणि चन्नप्पांच्या दुकानाचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाची वस्तू ठेवून घेतली की तिच्यावर आधी नाव घालायचं. पूर्वी एकदा दोन सारखे हंडे बदलले होते आणि दोन घरं तीन वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नव्हती. तेव्हा चन्नप्पांनी मांजर उलटं केलं, नावं घालायचं मशीन सुरू केलं आणि तळावर कोरलं : ‘छबुबाई, चौसाळा’. खाली आधीची कसलीशी बारीक अक्षरं होती. ती पुसट होती, आणि चन्नप्पांचं अक्षर ठसठशीत आहे.

शनिवारी ऋतुजाताई आल्या. हातमोजे, भिंग, सगळा सरंजाम. बघायला अर्धा चौसाळा. त्यांनी टोपी पाहिली, कोट पाहिला, मान डोलावली. मग मांजर उलटं केलं आणि मिरची चावल्यासारखा चेहरा झाला.

“इथं कारखान्याची खूण असते! हे कुणी केलं?”

“मी,” चन्नप्पा छाती काढून म्हणाले. “अक्षर कसंय?”

“अहो, खूणच गेली. आता अस्सल की नक्कल, सांगू कशावरून?”

सिद्धाराम खरोखरच शिडी आणायला उठला.

चन्नप्पांनी मागं बसलेल्या उमाबाईंकडं, म्हणजे बायकोकडं, चोरून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, किल्लीच्या भोकातनं आत बॅटरी मारा.”

ताईंनी फोनचा उजेड आत सोडला आणि किंचाळल्याच. “मासा!”

“शिव शिव,” चन्नप्पा घाईघाईनं पुटपुटले.

“काय हाय आत?” उमाबाई उठून उभ्या राहिल्या. “आन् हे पाच दिस माज्या देवळीशेजारी ठिवलंतं?”

“अगं, चित्र हाय नुस्तं!” चन्नप्पांनी मोर्चा ताईंकडं वळवला. “आमच्याकडं तेलाच्या डब्याची चाळणी करत्यात. भायेरून चकाचक, आतनं डब्यावरचा भुईमूग तसाच. ज्याला पत्रा मिळत न्हाई, तो डबा कापतो. हे तसंच.”

“अगदी तसंच!” ताईंचे डोळे चमकले. “महायुद्धानंतर जपानमध्ये पत्रा नव्हता. परक्या सैनिकांनी टाकलेले मासळीबिसळीचे रिकामे डबे गोळा करून त्यांची खेळणी करायचे. नक्कल करणारा नवा पत्रा वापरतो. आत मासा कशाला छापत बसेल? आप्पा, अस्सल आहे. पाऊणशे वर्षांचं तरी.”

दुकानात एकच गलका झाला. जन्मात मासा न शिवलेल्या चन्नप्पांची अब्रू एका माशानं राखली.

“मंग किंमत?”

“खूण शाबूत असती तर चाळीस हजार. आता पंचवीस.”

चन्नप्पांचा चेहरा पहिल्या आकड्याला फुलला आणि दुसऱ्याला मिटला. पंधरा हजार त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात कोरून काढले होते. “मावशी, चूक माजी. पातेलं फुकट न्या. नाव घासून काढू का?”

“घासू नका!” ताई ओरडल्या.

छबुबाई मात्र शांत होत्या. “बाई, तुमी हे ठिवनार कुटं?”

“काचेच्या कपाटात. जाणकार लोक येतात बघायला.”

“उलटं करून बघत्यात का?”

“पहिलं उलटंच करतात.”

“म्हंजी पुन्याची जानकार मानसं पयलं माजं नाव वाचनार. मंग नावाचं पैशे कावून कापता? वाढवा. तीस.”

ऋतुजाताई हसत सुटल्या. अठ्ठावीसवर सौदा पटला.

सिद्धाराम शिडी खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. “आता आनलीच हायस तर चढ,” चन्नप्पांनी त्याच्या हातात फडकं दिलं. “पाटीवर धूळ बसलीय.”

मग त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं, मशीन हातात घेतलं आणि विचारलं, “मावशी, नाव घालू?”

“घाला की,” छबुबाई म्हणाल्या. “पन या टायमाला आदी उलटं करून बघा, खाली काय लिवलंय ते.”