सतरंजीची चार टोकं

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीची सतरंजी आमच्या घरी अंथरलेली होती. लाल-निळ्या पट्ट्यांची, कळंब्याच्या जेलात कैद्यांनी विणलेली, आणि इतकी जड की उचलायला चार टोकांना चार माणसं लागत. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना व्हायची. ज्या घरात कुणी आजारी असेल तिथं आधी, कुणीच नसेल तर पाळीनं. प्रार्थना संपली की पुढच्या घरचे लोक सतरंजी घेऊन जात.

त्या दिवशीची प्रार्थना माझ्यासाठी होती. मेलबर्नच्या एका ग्रंथालयात मला नोकरी लागली होती. टॅक्सी वळणावर गेली तेव्हा मी मागे पाहिलं. चौघं जण अंगणात सतरंजी झटकत होते, एका टोकाला पप्पा. धुळीत त्यांचा चेहरा दिसला नाही.

गेल्या महिन्यात चर्चच्या चिटणीसांचा मेसेज आला. स्मरणिका निघते आहे, 'आपल्या मंडळीचे उद्देश व ध्येये' या विषयावर लिहा, मास्तरांच्या, म्हणजे माझ्या पप्पांच्या, आठवणी घाला, सूर सकारात्मक ठेवा. ठीक आहे, लिहिते. सुराचं मात्र मला जमणार नाही.

पप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे. चर्चच्या व्हरांड्यातला फलक त्यांनीच रंगवलेला. उपासना, सुवार्ता, शिक्षण, आजाऱ्यांची भेट, एकमेकांची ओझी वाहणे. दर नाताळच्या आधी ते अक्षरांवरून पुन्हा ब्रश फिरवायचे. चौथ्या ओळीवर त्यांचा विशेष जीव. "आजाऱ्याकडं दोघांनी जावं," ते म्हणायचे. "एकटा गेला की उपदेश करत बसतो. दोघं असली म्हंजे निदान गप्पा तरी हुतात."

मी गेल्यावर चौथ्या वर्षी मंडळी फुटली. कमिटीत कोण बसणार यावरून. एकाच चर्चमध्ये रविवारी दोन उपासना सुरू झाल्या, एक सकाळी आठ वाजता, एक दहा वाजता. लोक स्वतःला 'आठचे' आणि 'दहाचे' म्हणू लागले, जणू ती आडनावंच. शुक्रवारची प्रार्थना बंद पडली. तेव्हा पाळी आमची होती, म्हणून सतरंजी पप्पांकडेच राहिली.

पप्पा दोन्ही उपासनांना जायचे. कुणी टोमणा मारला, "काय वो मास्तर, तुमी नक्की कुणाचं?" तर म्हणायचे, "आठला ऐकल्यालं दहापतुर इसरतोय बाबा, म्हणून परत येतो." लोक हसायचे. आणि मनात नोंद करून ठेवायचे. आठच्यांना वाटलं मास्तर दहाचे. दहाच्यांना वाटलं आठचे.

मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. अकरा महिने ते खाटेवर होते. त्या अकरा महिन्यांत तुमच्यापैकी कोणीही आमच्या दारात आलं नाही. दोघं नाही, एकटाही नाही.

प्रार्थना मात्र तुम्ही केल्यात, हे मला माहीत आहे. दोन्ही उपासना यूट्यूबवर असतात आणि मी इथे दुपारी लॅपटॉप उघडून दोन्ही बघायचे. दोन्हीकडे पप्पांचं नाव घेतलं जायचं. 'आमचे प्रिय मास्तर.' चर्चपासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. तुम्ही त्यांचं नाव मेलबर्नपर्यंत पोहोचवलंत आणि स्वतः ती दहा मिनिटं चालला नाहीत.

आणि मी? मी खाली 'आमेन' टाइप करायचे. हे लपवून बाकीच्यांवर रागावले तर ते खोटं होईल.

त्यांना पाणी पाजलं ते शेजारच्या गिरिजाअक्कांनी. अक्का शिरोळकडच्या लिंगायत, कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान. रोज दुपारी शटर ओढून त्या यायच्या, पप्पांना आंबील भरवायच्या. पप्पा दर शुक्रवारी डाव्या हातानं खूण करायचे. मग अक्का त्या जड सतरंजीची एक घडी उलगडून ठेवायच्या. संध्याकाळी पुन्हा मिटायच्या. "कुणी यायचं हाय काय?" असं त्यांनी एकदा विचारलं, तर पप्पांनी मान हलवली. व्हय.

मी पोहोचले ती दफनाला. तेव्हा सगळे होते, आठचेही, दहाचेही, कबरस्थानात दोन बाजूंना उभे. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमच्यात मयताला वैरीबी येतोय. तुमच्यात जित्त्या माणसाला मैतरबी न्हाय व्हय गं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्यांचे दोघं आले. चहा घेतला. मग एक जण म्हणाला, "ताई, ती सतरंजी तेवढी न्यायची हुती. आमच्या आजोबांच्या येळची हाय की." दुपारी दहाच्यांचे दोघं आले. "पावणं यायल्यात बाहेरनं, बसायला लागंल. सतरंजी द्या." पप्पांच्या खाटेवरची चादरही अजून धुतली नव्हती.

दोघं-दोघं. बघा, येता येतं तुम्हाला.

मी कुणालाच दिली नाही. अक्कांच्या दुकानातले तीन हमाल आणि मी, अशा चौघांनी ती उचलली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांशेजारी ठेवली.

इथे लोक विचारतात, तुझं घर कुठे? इतकी वर्षं मी पटकन कोल्हापूर म्हणायचे. पप्पांची खोली रिकामी करून आले तेव्हापासून हा शब्द तोंडातून निघत नाही. घर विकायचं नाही, पण कुलूप लावलेल्या भिंतींना मी घर म्हणणार नाही. तुमच्या फलकालाही नाही. यंदा त्याची अक्षरं कुणीतरी दुसऱ्यानं रंगवावीत, किंवा चौथी ओळ पुसून तरी टाकावी.

सतरंजी हवी असेल तर आठच्यांतले दोघं आणि दहाच्यांतले दोघं, असे चौघं मिळून जा. कमी माणसांना ती उचलायची नाही. अक्का एकच विचारतील, "आजारी कोण हाय?" त्या माणसाचं नाव सांगा आणि सतरंजी थेट त्याच्या घरी न्या, चर्चमध्ये नको. ती अंथरल्याचं अक्का मला फोनवर सांगतील. त्या शुक्रवारी मी पुन्हा म्हणेन की माझं घर कोल्हापुरात आहे.

दुकान सकाळी सातला उघडतं. आठच्या आधी, आणि दहाच्याही.