नसलेला माल कमी करणारा प्रितेश

कोन गावचा प्रितेश बी.कॉम. झाला आणि त्याला घरचा चिखल सोसेनासा झाला. खाडीकाठी त्यांची भातजमीन होती. वडील, ज्यांना घरासकट सगळं गाव दाजी म्हणायचं, अजून स्वतः खाचरात उतरायचे. प्रितेश मात्र कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या एका शेठच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसला. शेठचा धंदा भांड्यांचा. गोदामं तीन: कोन, पूर्णा आणि काल्हेर.

तिन्हीकडे सॉफ्टवेअर वेगळं, कारण शेठने दर वेळी समोर आलेलं सगळ्यात स्वस्त उचललं होतं. संध्याकाळी सगळीकडचे आकडे प्रितेशकडे येत. तो ते एक्सेलमध्ये जोडून शेठला मेल करी. जोडताना एक काम करावंच लागे. कोनहून पूर्ण्याला माल हलवला की त्याचं बिल बनत नसे, आणि बिल नाही म्हणून कोनचा कॉम्प्युटर तो माल आपल्याकडेच आहे असं धरून चाले. एकच माल दोन ठिकाणी दिसे. तेवढा प्रितेश हाताने वजा करी. पदवीधर माणसाने वजाबाक्या कराव्यात, याची त्याला फार लाज वाटे.

२००९ साली शेठच्या मुलाने कुठल्याशा हॉटेलातल्या परिषदेत ‘क्लाउड’ हा शब्द ऐकला आणि परत येईपर्यंत तो त्यातला जाणकार झाला. ठरलं असं, की तिन्ही गोदामांचा डेटा आपोआप इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर जाईल, तिथे एकत्र होईल आणि शेठला ऑफिसात बसून धंद्याचे रंगीत आलेख दिसतील. त्यासाठी मुंबईची एक कंपनी नेमली. तिचे टायवाले गोदामात आले, धुळीने शिंकले आणि इथल्या कामाचे सगळे नियम लिहून द्या, असं प्रितेशला सांगून एसी गाडीत जाऊन बसले.

प्रितेशने लिहून दिले, इंग्रजीत. फक्त वजाबाकीचा नियम लिहिला नाही. विसरला म्हणावं, तर सहा वर्षं रोज केलेलं काम कोणी विसरत नाही. आपण इतकं किरकोळ काम करत होतो हे टायवाल्यांना कळू नये, एवढ्यासाठीच त्याने ते गाळलं. टायवाल्यांनीही काही विचारलं नाही. विचारायला गाडीतून उतरावं लागलं असतं.

नवं काम सुरू झालं. प्रितेश डेटा मॅनेजर झाला. माळ्यावर त्याला काचेची केबिन मिळाली आणि त्याचं खाली गोदामात जाणं बंद झालं. पडद्यावरची साठ्याची रेघ मात्र वर वर चढत होती. माल मावत नाही, चौथं गोदाम लागणार, असं शेठचा मुलगा म्हणू लागला. जागा आमची घ्या, असं प्रितेशने परस्पर सांगून टाकलं.

घरी दाजी तयार नव्हते. भात दर साल येतं, शेठ येईल कशावरून, हा त्यांचा प्रश्न. प्रितेशने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.

“दाजी, ही रेघ बघा. हे माणसाने लिहिलेलं न्हाय, आपोआप आलंय. यात चूक होत न्हाय.”

दाजींना रेघ कळली नाही. पण मुलगा शिकलेला होता आणि शेजाऱ्यांच्या जमिनींवर गोदामं उभी राहिली होती. ते हो म्हणाले. खाचरात मुरमाचे डंपर रिकामे होऊ लागले.

मग एका दुपारी वीज गेली आणि उकडलं म्हणून प्रितेश कित्येक महिन्यांनी खाली उतरला. पडद्यावर गच्च भरलेले रॅक निम्मे मोकळे होते. असं का, ते त्याला जागच्या जागी कळलं: ती गाळलेली वजाबाकी. भराव अजून अर्धाच झाला होता. घरी एक फोन केला असता तर उरलेलं खाचर वाचलं असतं. त्याने फोन केला नाही. फोन केला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

त्याऐवजी वर जाऊन त्याने दोनदा मोजलेला माल थोडा थोडा करून नोंदीतून काढायला सुरुवात केली. रेघ ऐटीत खाली आली. शेठच्या मुलाने मीटिंग बोलावून प्रितेशचं कौतुक केलं: नव्या सिस्टिमच्या जोरावर या माणसाने साठा इतका उतरवला, की चौथ्या गोदामाची गरजच उरली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रितेशनेही वाजवल्या.

शेठ जागा घेत नाही हे कळल्यावर दाजी खाचरावर जाऊन आले. मग त्यांनी विचारलं, “मुरूम परत काढता येल का?”

“न्हाय दाजी. तो आता तसाच राहणार.”

  पुढच्या हंगामापासून घरात विकतचा तांदूळ आला.

प्रितेशला त्याच मुंबईच्या कंपनीने उचललं. आता तोही टाय लावतो आणि आपण साठा कसा उतरवला ते दुसऱ्या शेठना सांगतो. भरावाच्या जागेवर गावची पोरं क्रिकेटचे सामने भरवू लागली. पहिल्या वर्षी प्रमुख पाहुणा म्हणून त्यांनी प्रितेशलाच बोलावलं. तो आला, हार घातला तेव्हा वाकला आणि तरुणांनी तंत्रज्ञानाची कास कशी धरावी यावर पोरं कंटाळेपर्यंत बोलला. दाजी त्या दिवशी सकाळीच अकलोलीच्या गरम कुंडांवर निघून गेले होते.