सावली कुणाच्या रानात पडते

त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन महादेवाच्या देवळाकडे निघालो होतो. शाळेच्या मागे सरकारी झाडं लावायच्या योजनेत आलेली रोपं काळ्या पिशव्यांत तशीच पडून होती. बहुतेक वाळली होती. त्यांत बेलाचं एक रोप अजून हिरवं दिसलं, म्हणून ते देवळाजवळ लावायला उचललं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "एकच का नेताय?"

वळून पाहिलं तर इंदुबाई उभ्या होत्या. लोहारा तालुक्यातल्या शाळांमधून शिकवून त्या निवृत्त झाल्या, काही वर्षं लातूरला मुलाकडे राहिल्या आणि मग आमच्या गावी, आपल्या सासरच्या घरी, कायमच्या राहायला आल्या. माझी त्यांची ओळख नव्हती. आता बोलणी खावी लागणार, असं वाटून मी म्हणालो, "पाणी न्हाय बाई. बाकीची जगवायची कशी?"

"मग याला कुठलं पाणी?"

"देवाला घालतो त्यातलंच तांब्याभर."

बाईंनी त्या पिशव्यांकडे पाहिलं. "म्हणजे अडचण पाण्याची नाही," त्या म्हणाल्या. "मग कशाची असंल?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. बाईंची पंचाहत्तरी साजरी करताना मला आधी आठवतो तो त्यांचा हा स्वभाव. एखादं काम का होत नाही, याचा त्यांना राग येत नाही, नवल वाटतं.

आमच्याकडे पावसाचं तंत्र बिघडलं आहे, यावर गावात दुमत नाही. सोयाबीन फुलात असताना पाऊस ओढ देतो आणि काढणीला आलं की कोसळतो. हरभरा हाताशी आला की गारा पडतात. उन्हाळ्यात दुपारी जनावरं दावणीला धापा टाकतात. म्हणून झाडं लावायचा ठराव ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला होता. माझाही हात वर होता. हात वर करणारी माणसं खोटी नव्हती. तरी रोपं शाळेमागे वाळत होती. लोकांना कळत नाही, असं म्हणून पाहणीला आलेले योजनेचे साहेब गाडीत बसून गेले. बाईंना ते उत्तर पटलं नाही. "कळतंय तर सगळ्यांना," त्या म्हणायच्या, "मग आडवं काय येतंय, ते बघू."

बाईंनी एकही सभा घेतली नाही. त्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसू लागल्या. दळण होईपर्यंत बायका तिथं थांबतात, बोलतात. चार-सहा दिवसांत एका सुनेनं सांगितलं, "हात वर केले गड्यांनी, घागरी आमाला वाहायच्या. आमाला इचारलं कुणी?" ग्रामसभेत हे कुणालाच सुचलं नव्हतं. त्यानंतर घराजवळची झाडं कुठं लावायची हे बायकांनी ठरवलं, म्हणजे न्हाणीचं पाणी जिथं आपोआप जातं तिथं. आज त्या सुनेच्या गल्लीत शेवगा आणि कढीपत्ता डोक्याच्या वर गेला आहे.

पारावर बाईंची चेष्टाही झाली. शाळा सुटली, आता गावाला वर्गात बसवलंय, असं कुणीतरी त्यांच्यासमोरच बोललं. बाई हसून म्हणाल्या, "बसवलंय खरं, पण हजेरी कुणी देत न्हाय." बोलणाराच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

घराजवळचं जमलं, पण रानातलं अडलं, आणि ते माझ्याच बांधावर अडलं. ओढ्यापासून शिवारभर बांधावर झाडांची रांग करायची, असं ठरलं होतं. पहिला बांध माझा आणि माझे चुलतभाऊ काशिनाथअण्णा यांचा सामाईक. मी होकार दिला, अण्णांनी नकार दिला. त्यावरून आमचं बोलणं बंद झालं. मला गावात अप्पा म्हणतात. पुढचे शेतकरी म्हणू लागले, आधी अप्पाच्या बांधाचं मिटू द्या. सगळ्या शिवाराचं काम आम्हा दोघा भावांसाठी थांबलं. मी मनात अण्णांना हट्टी ठरवून मोकळा झालो होतो.

बाई अण्णांकडे गेल्या. पहिल्या वेळी अण्णा म्हणाले, पाणी नाही. दुसऱ्या वेळी म्हणाले, शेळ्या खातात. बाईंनी वाद घातला नाही, चहा घेऊन परत आल्या. पहिलं कारण माणूस पाहुण्याला सांगतो, खरं कारण घरच्याला, असं त्या मला म्हणाल्या. तिसऱ्या चहाला अण्णा बोलले. "बाई, झाड अप्पाचं आन् सावली माझ्या ज्वारीवर. त्याला पुण्य लागणार, मला कडबा बी न्हाय."

बाईंनी आम्हा दोघांनाही निरोप धाडला. "मला सावलीतलं काही कळत नाही, रानात येऊन दाखवा." पौषातली सकाळ होती. सामाईक बांधावर एक जुनी बाभळ आहे, तिथं आम्ही तिघं उभे राहिलो. माझं रान दक्षिणेला, अण्णांचं उत्तरेला. माझ्या बाजूची ज्वारी छातीला लागत होती. अण्णांच्या बाजूला बाभळीच्या सावलीत ती गुडघ्याएवढीच राहिली होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, हे मी गावच्या शाळेत शिकलो होतो. रोज सकाळी त्याला हातही जोडतो. पण त्या सावलीत कुणाची ज्वारी उभी आहे, हे बघायला मी बांधाच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

बाई खाली वाकून ज्वारीचं एक खुरटं ताट हातात धरून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अप्पा, तुमच्या दक्षिणेच्या बांधापलीकडं कुणाचं रान आहे?"

"कुणाचं न्हाय. पाणंद हाय, बैलगाडीची वाट."

"मग तिथं झाड लावलं तर सावली कुठं पडंल?"

मी पाणंदीच्या बाजूला बघू लागलो. कित्येक महिन्यांनी अण्णा माझ्याशी बोलले, "आता सांग की."

"माझ्यातच पडंल," मी म्हणालो.

त्यानंतर बाईंनी मला त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्या रोज संध्याकाळी येऊन तिला पोथी वाचून दाखवत. स्वतः देवळात फारशा न जाणाऱ्या बाई मध्येच थांबून आईला विचारत, "इथं देवानं असं का केलं असंल हो?" आई उत्तर शोधण्यात दुखणं विसरायची. त्या दिवसांतही बाईंच्या तोंडी बांधाचं नाव आलं नाही.

मी मात्र दोन हंगाम विचारात घालवले. सावली दुसऱ्याच्या रानात पडणार होती तेव्हा मी हात चटकन वर केला होता. आपल्या रानात पडणार म्हटल्यावर हात जड झाला. घरातूनही विरोध होता. कडबा कमी पडला तर म्हशीला काय सावली घालणार का, असं आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. देवापुढे बसलो की मला बाईंचाच प्रश्न आठवायचा. मला आडवं काय येतंय? उत्तर येत होतं, दोन-चार पेंढ्या कडबा.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे त्यांना अजून कितीतरी वर्षं घरोघर नेत राहोत, कुणाच्या घरी तिसरा चहा त्यांना जड न होवो आणि शंभरीतही त्यांना नवल वाटावं असं काही रोज समोर येवो, एवढं मी महादेवाकडे मागतो.

हा लेख लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, कारण त्यात लिहावं असं माझ्या हातून काही झालं नव्हतं. आता झालं आहे. या आषाढात, दोन पावसांमधल्या उघडिपीत, मी पाणंदीकडच्या बांधावर कडुलिंबाची आणि चिंचेची रोपं लावली. अण्णा पाणंदीनं जात होते. ते थांबले, खाली बसले आणि एकेका रोपाला माती लावत माझ्यासोबत बांधाच्या टोकापर्यंत आले.